दुसऱ्या दिवशीची फोडणी

आमच्या घरात परदेशी पदार्थाला नागरिकत्व मिळतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

पहिल्या दिवशी तो पाहुणा असतो. त्याच्यासाठी काचेच्या बश्या निघतात, काट्यांची शोधाशोध होते, पाच जणांत चार काटे सापडतात आणि मी हातानं खाते. पहिला घास घेऊन सगळे एकमेकांकडे बघतात आणि कुणीतरी म्हणतं, "वेगळं आहे." सदाशिव पेठेत 'वेगळं आहे' हा अभिप्राय नसतो, ती कोर्टातली पुढची तारीख असते. निकाल लागतो तो उरलेल्याचा. रात्री पदार्थ स्टीलच्या डब्यात जातो, डबा फ्रीजमध्ये जातो, आणि सकाळी साडेसातला सासूबाई तो उघडतात, वास घेतात आणि एक अक्षर न बोलता कढई चढवतात. मोहरी तडतडली, हिंग पडला, हळद पडली, की समजावं अर्ज मंजूर झाला.

पास्ता आमच्याकडे याच वाटेनं आला. आदल्या रात्री तो पांढऱ्या सॉसमध्ये गुदमरलेला होता. सकाळी पिवळाधमक होऊन, वर कोथिंबीर-खोबरं घेऊन बशीत आला आणि सगळ्यांनी दोनदा घेतला. मोहरी त्या नळ्यांच्या आत जाऊन बसते, तेवढी एक अडचण सोडली तर फोडणीचा पास्ता हा फोडणीच्या भाताचा सख्खा भाऊ आहे. कुसकुसला तर अर्जसुद्धा करावा लागला नाही. आईंनी चिमटीत धरून बघितला आणि "हा सांजा आहे" असं सांगून विषय मिटवला. (सासूबाईंना मी आई म्हणते. माझी आई नारायण पेठेत. म्हणजे लग्न करून लक्ष्मी रस्ता ओलांडला तेव्हा मीही एका अर्थी परदेशीच आले होते. माझी आमटी 'वेगळी' होती.)

रिसोतोची गोष्ट जरा लांबली. आमची लेक चाळीस मिनिटं ओट्याशी उभी राहून, भाताला पळी-पळी पाणी पाजत, सारखी ढवळत होती. त्यासाठी इटलीचा आर्बोरियो नावाचा तांदूळ आणला होता. त्याच्या किमतीत आमच्याकडे महिन्याचा भात झाला असता. आई तीनदा तिथून गेल्या. चौथ्यांदा थांबल्या. म्हणाल्या, "आसट भात करतेयस का? मग कुकर का नाही लावत?" लेकीनं रिसोतो आणि आसट भात यांतला फरक समजावून सांगायचा प्रयत्न केला. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजारी कोण आहे?"

पुढच्या वेळी तोच रिसोतो मावळातल्या इंद्रायणीचा झाला. इंद्रायणी जात्याच चिकट. इटलीच्या तांदळाला जे ढवळून-ढवळून करावं लागतं ते हा उपजतच करतो. लेकीनं हे कबूल केलं, पण आजीसमोर नाही.

ही लेक म्हणजे आमच्या घरातलं परराष्ट्र खातं. 2020 साली सगळं जग घरात बसलं तेव्हा तीही बसली आणि ऑफिसचं काम लॅपटॉपवर, उरलेलं आयुष्य ओट्यावर असं तिचं सुरू झालं. आधी केळ्याचा केक झाला. मग पिझ्झा, मग हमस, मग तिरामिसू. तिरामिसूला मस्कारपोने नावाचं इटालियन चीज लागतं. आमच्याकडे श्रीखंडासाठी आणलेला चक्का होता. दारू लागते, ती नव्हती, आणि असती तर तिरामिसूपर्यंत पोचली नसती. कॉफी तेवढी होती, तीही फिल्टरची. तयार झालं ते कॉफीचं श्रीखंडच होतं, पण ओल्या बिस्किटांच्या गादीवर निजलेलं. "या नावाचा अर्थ आहे 'मला वर उचल'," लेक म्हणाली. आई त्या दिवशी हौसेनं पाटावर बसल्या होत्या. वाटी चाटूनपुसून रिकामी झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. "नाव बरोबर आहे. उचला आता मला."

लेक सगळं वजन करून करते. ओट्यावर एक छोटा काटा असतो, त्यावर परात ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा आणि पीठ घालायचं. पीठ 500 ग्रॅम, पाणी 350, मीठ 10. आईंनी चष्मा वर करून तो आकडा बघितला. "दहा ग्रॅम मीठ? सोनाराकडे निघालीस का?"

आईंचं शास्त्र वाटीचं. आमच्या फडताळात 'रुचिरा'ची एक जुनी प्रत आहे. कमलाबाई ओगल्यांनी 1970 साली हे पुस्तक दिलं तेव्हा त्यांनी केलेली मोठी गोष्ट म्हणजे घरातली वाटी आणि चमचा हीच मापं धरली. वाटी कुणाचीही असो, प्रमाण तेच राहतं. नव्यानं संसार मांडलेल्या, सासू जवळ नसलेल्या मुलींना त्या पुस्तकानं सासूपेक्षा बरं शिकवलं. निदान टोमणे तरी मारले नाहीत. आमच्या प्रतीचं मुखपृष्ठ कधीच गेलं. कुठला पदार्थ किती वेळा झाला हे पानांवरच्या डागांवरून कळतं. एक पान तर तुपानं इतकं पारदर्शक झालंय की मागचा मजकूरही त्याच्याबरोबर वाचता येतो, आणि घाईत कुणी दोन पदार्थ एकत्र केलेही असतील. काही पानं मात्र अजून कोरी करकरीत आहेत. कुठली ते सांगत नाही.

आई आता ब्याऐंशीच्या आहेत आणि त्यांना बेकिंगमधलं काही कळत नाही असा लेकीचा एक गोड गैरसमज होता. एका दुपारी तो फिटला. ओव्हन किती महाग, विजेचं बिल किती, अशी चर्चा चालू असताना आई म्हणाल्या, "आम्ही वाळूत करायचो."

वाळूत म्हणजे असं. जाड बुडाच्या पातेल्यात चार बोटं वाळू घालायची. वाळू आधी चाळून, धुऊन, उन्हात वाळवलेली. स्टोव्हवर ती चांगली तापू द्यायची. मग आत तूप लावलेला डबा ठेवायचा, डब्यात केकचं मिश्रण, वर घट्ट झाकण आणि झाकणावर चार निखारे. वाळू आच धरून ठेवते आणि सगळीकडून सारखी देते. अंडं वाड्यात चालण्यासारखं नव्हतं. त्याचं नावही घ्यायचं नाही, फार तर 'ते' म्हणायचं. म्हणून फुगायला दही आणि खायचा सोडा: दह्याची आंबटी सोड्याला लागली की वायू सुटतो आणि पीठ वर येतं. केक झाला की नाही हे बघायला विणकामाची सुई. आमच्या ह्यांच्या पाचव्या वाढदिवसाला आईंनी तो पहिल्यांदा केला. वरून मस्त, खालून काळा, आणि मध्ये थोडासा शिरा. वाड्यातली अकरा पोरं होती. उरला नाही, म्हणून फोडणी घालायची वेळ आली नाही.

पुढे ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, झाकणाला काचेचा एक डोळा असलेला. त्या डोळ्यातून अख्खं घर पाळीपाळीनं आत बघायचं. आत काही दिसत नसे, वाफच धरलेली असायची. पण बघायचं.

नानकटाई मात्र घरी करायची नाही, ती भट्टीतून भाजून आणायची. मे महिन्यात वाड्यातली तीन-चार घरं मिळून बेकरीत वार लावत. मैदा, रवा, डाळीचं पीठ, पिठीसाखर, वेलदोडा-जायफळ आणि तुपाचा डबा असा सगळा सरंजाम घरून न्यायचा. मळणं, वळणं, भाजणं बेकरीवाल्याचं. मजुरी किलोवर. नारायण पेठेतून माझी नेमणूक राखणीला व्हायची. तूप सगळं आपल्याच परातीत पडतंय ना, हे बघायचं. मी आठ वर्षांची, बेकरीवाला सहा फुटी, अंगात बनियन आणि हात कोपरापर्यंत पांढरे. मी डोळे वटारून तुपाकडे बघत बसायची आणि तो मला गप्प करायला पहिल्या ताटातली एक गरम नानकटाई द्यायचा. अशा रीतीनं राखण फितूर व्हायची. संध्याकाळी पत्र्याचे डबे भरून घरी यायचे. ते गरम असताना झाकण लावायचं नाही, आणि झाकण नसलं की कमी होतात. ही अडचण आमच्या घरी शेवटपर्यंत सुटली नाही.

तेव्हा हे कुणाच्या मनातही नव्हतं की नानकटाईतला 'नान' हा फारसी पाव आहे आणि आपण दिवाळीच्या फराळाशेजारी जे मांडतोय ते बाहेरून आलेलं आहे. बाहेरचं खाणं म्हणजे कँप. कँपात जायचं तर बस बदलून आणि कपडेही बदलून. ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीपुढे रांग लावायची आणि श्रूजबेरी बिस्किटांची खोकी घेऊन लगेच परत फिरायचं, जणू सरहद्द बंद होणार आहे. 1955 साली इराणी मंडळींनी काढलेल्या बेकरीत, इंग्लंडातल्या श्रॉपशायरमधल्या एका गावाचं नाव लावलेलं बिस्कीट, आणि ते पुण्याची खूण म्हणून मुंबईच्या नातेवाइकांना न्यायचं. माझा मामा ते बिस्कीट मोडून बघायचा. म्हणायचा, "यात बेरी कुठेय?" श्रूजबेरी हे गाव आहे, फळ नाही, हे मला स्वतःला कॉलेजात गेल्यावर कळलं. मामाला सांगायचं राहिलं.

बिस्किटाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. या गावात एका कपाच्या चहानं आणि बिस्किटानं जेवढा गहजब झाला तेवढा लढायांनीही झाला नसेल. 1890 साली गोपाळराव जोशांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, पुण्यातल्या मोठमोठ्या मंडळींना ख्रिस्ती लोकांच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावून नेलं. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. मंडळींत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी प्यायलं, कोणी मान राखण्यापुरतं हातात घेतलं. मग गोपाळरावांनी हजर असलेल्यांची यादीच 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. पुढे ग्रामण्य, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद, प्रायश्चित्त. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही पुढे ते घेतलं आणि स्वतःच्याच सुधारक मित्रांची बोलणी खाल्ली. मला या सगळ्यात कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं आहे. ती बिस्किटं कसली होती? एवढा मोठा खटला झाला, त्यात वाद धर्माचा, जातीचा, बहिष्काराचा. पण बिस्कीट खुसखुशीत होतं की मऊ पडलेलं, यावर कुणी एक ओळ लिहिली असेल असं वाटत नाही. आमच्या आईंना हा प्रसंग सांगितला तर त्या म्हणाल्या, "घरी चहा पिऊन जायला काय झालं होतं?"

खरं म्हणजे बिस्किटाला एवढं घाबरायचं पुण्याला काही कारण नव्हतं. आमच्या देवांनी तोवर परदेशी पदार्थ कधीच पत्करले होते. शनिवारवाड्यासमोर बटाट्या मारुती आहे. तिथल्या जुन्या बाजारावरून त्याचं हे नाव पडलं. बटाटा हा दक्षिण अमेरिकेतला, अँडीज पर्वतातला. पोर्तुगिजांनी आणला आणि नावही त्यांचंच लावून दिलं. अंजनीच्या सुतानं ते बिनतक्रार घेतलं. मंडईच्या बाजूला जिलब्या मारुती आहे. जिलबीचं मूळ अरबांच्या झलाबियात. आणि आमच्या पेठेत शिरताना जे पेरूगेट लागतं, ज्याच्या अलीकडे-पलीकडे राहण्यावरून माणसाची कुलीनता ठरायची, ते म्हणे पेरूच्या बागेवरून. पेरू अमेरिकेतून आलेला. नावाचं मूळ पोर्तुगीज 'पेरा'त, म्हणजे नासपतीत. एका परक्या फळाला दुसऱ्या फळाचं परकं नाव, आणि ते अस्सल सदाशिव पेठेच्या वेशीवर! पाव, कोबी, काजू, अननस, पपई ही सगळी मंडळी त्याच गलबतातून उतरलेली.

पण परदेशाचा खरा कब्जा आमच्या उपासावर आहे. पेठेत एक विठोबाच 'उपाशी विठोबा' नावाचा आहे, त्यामुळे उपास हा विषय आमच्याकडे गंभीरपणे घेतला जातो. आषाढीला आमच्या ताटात काय असतं? साबुदाणा. तो ज्या कंदाचा करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेतला; हल्ली पीक आणि कारखाने तमिळनाडूत सेलमकडे, पण कूळ तिकडचं. दाणे तिकडचे. बटाटा तिकडचा, मिरची तिकडची, रताळं तिकडचं. राजगिऱ्याची वडी, जिच्याइतकं सोवळं दुसरं काही नसेल, तिचा राजगिराही तिकडचाच. इथलं म्हणाल तर तूप आणि भगर. एरवी बारा महिने आम्ही देशी वरण-भात खातो आणि पुण्य मिळवायचं असलं की अमेरिकेच्या वळचणीला जातो. मला वाटतं याचं कारण सोपं आहे. शास्त्रकारांनी कांदा-लसूण बघितला होता, म्हणून त्यावर बंदी घातली. ज्या बटाट्याचं नावच ऐकलं नव्हतं त्याला कशी घालणार?

या मुद्द्यावर लेकीनं आजीला बरोबर पकडलं. तिनं क्विनोआ आणला होता. दाणे बारीक, पांढुरके, भगरीच्या थोरल्या भावासारखे. दुसऱ्या दिवशी एकादशी. सदाशिव पेठेत कुठल्याही नव्या वस्तूला जो पहिला प्रश्न विचारतात तो आईंनी विचारला, "उपासाला चालतो का?" लेकीनं शोधून सांगितलं की क्विनोआ गवताच्या जातीतलं धान्य नव्हे, तो राजगिऱ्याच्याच कुळातला आहे. आईंनी स्थळ बघायला आल्यासारखं सगळं विचारून घेतलं. राहणार कुठला? अँडीजचा. म्हणजे बटाट्याच्या गावचा. घराणं? राजगिऱ्याचं. "मग हरकत काय?" त्या म्हणाल्या. त्या एकादशीला जिरं-मिरची-दाण्याचं कूट घालून क्विनोआची खिचडी झाली. हा एकमेव पदार्थ आमच्याकडे पहिल्याच दिवशी फोडणीसकट आला. थेट आतल्या खोलीत.

तुळशीच्या बाबतीत मात्र गोंधळ झाला. पेस्तो म्हणजे इटलीतल्या जेनोआकडची चटणी: बेसिलची पानं, लसूण, चिलगोजे, चीज आणि ऑलिव्हचं तेल. बेसिल मंडईत मिळतं. महात्मा फुले मंडईच्या 1886 सालच्या त्या दगडी इमारतीत आणि भोवतालच्या गाळ्यांवर हल्ली ब्रोकोली, झुकिनी, लाल-पिवळ्या ढोबळ्या मिरच्या शेपू-चुक्याच्या शेजारी नांदतात. विक्रेत्या मावशी तर "झुकिनी घ्या, काकडीसारखी लागते, पण काकडीसारखी खाऊ नका" इतकं नेमकं सांगतात. पण त्या दिवशी बेसिल संपलं होतं. आमचे हे म्हणाले, "बेसिल म्हणजे तुळसच की," आणि गॅलरीतल्या कुंडीवर कात्री चालवून आले. आई पूजा आटोपून बाहेर आल्या तर तुळस निम्मी. आता काय होणार म्हणून आम्ही सगळे भिंतीला लागलो. आई म्हणाल्या, "आज द्वादशी. द्वादशीला तुळस तोडतात का?" बास, एवढंच. तिची चटणी वाटायची होती याला त्यांचा आक्षेप नव्हता, तिथीला होता.

मग कळलं की बेसिल म्हणजे आपला सब्जा. फालुद्यात ज्याचं बी फुगून बुळबुळीत होतं, तोच. तुळशीची ती चुलत बहीण. रोपवाटिकेतून सब्ज्याचं रोप आलं, कुंडीत तुळशीपासून अंतर राखून लावलं. पेस्तो झाला. चिलगोज्यांचा भाव बघून दाणे घेतले, चीज होतं ते सँडविचचं, ते नको म्हणून वगळलं, ऑलिव्हच्या तेलाच्या बाटलीत तळाशी दोन चमचे होते म्हणून दाण्याचं तेल घातलं. मिरचीशिवाय फिकं लागलं म्हणून मिरची. भाकरीबरोबर अप्रतिम लागतो. जेनोआच्या माणसानं तो ओळखला नसता, पण साताऱ्याकडच्या माणसानं नक्की ओळखला असता.

हे सगळं ठीक होतं. खरा पेच पडला तो सावरडोचा.

सावरडो हा आंबवलेल्या पिठाचा पाव. यीस्टची पुडी नाही; कणीक आणि पाणी बरणीत कालवून ठेवायचं, हवेतले आणि पिठातलेच जंतू कामाला लागतात, आठवड्या-दीड आठवड्यात बुडबुडे येतात, आंबूस वास येतो आणि मग त्या जिवंत पिठावर पाव फुगवायचा. यात आईंना शिकवण्यासारखं काही नव्हतं. विरजण, इडलीचं पीठ, आंबोळी, अनारसे, सगळी आंबवणी कोळून प्यायलेली बाई. बरणी बघून त्या म्हणाल्या, "पुण्याच्या उन्हाळ्यात बारा तास नको, पाचात होईल." लेक बारा तासांच्या गणितावर ठाम राहिली. पीठ पाच तासांत बरणीबाहेर आलं आणि ओट्यावरून खाली उतरू लागलं.

पण एका गोष्टीला आईंचा कायमचा विरोध होता. या बरणीला रोज खायला घालायचं, म्हणजे ताजं पीठ आणि पाणी द्यायचं. आणि ते देण्याआधी जुन्यातलं निम्म्याहून जास्त काढून टाकायचं.

"टाकायचं?" आई म्हणाल्या.

"हो आजी, नाहीतर वाढत जाईल."

"टाकायचं म्हणजे? कुठे?"

या प्रश्नाला लेकीकडे उत्तर नव्हतं, कारण बेसिन असं तोंडानं म्हणवेना. त्या दिवसापासून टाकायचं पीठ आईंच्या एका वाटीत जाऊ लागलं. दोन दिवसांचं साठलं की त्यात कांदा, कोथिंबीर, मिरची, थोडा रवा, आणि तव्यावर धिरडी. जाळीदार, आंबूस, कडेनं कुरकुरीत. पावापेक्षा धिरड्यांची वाट जास्त बघितली जाऊ लागली, आणि पाव हा धिरड्यांसाठी करावा लागणारा खटाटोप आहे असं हे उघड बोलूही लागले.

आणि एके दिवशी आईंनी वाटीऐवजी बरणी उचलली. अख्खी. लेक मीटिंग संपवून आली तेव्हा सगळी धिरडी झाली होती आणि बरणी घासायला टाकलेली. दहा महिने जिवंत ठेवलेलं पीठ आम्ही लसणाच्या चटणीबरोबर खात होतो. ती काही बोलली नाही. ताटावर बसली, एक धिरडं खाल्लं, आणि मग रडली. आई उठल्या. मोरीतली बरणी बाहेर काढली. पाणी लागलं नव्हतं अजून. आत कडेला चमचाभर पीठ वाळून चिकटलं होतं. ते बोटानं निपटून त्यांनी त्यात चिमूट-चिमूट कणीक आणि कोमट पाणी घातलं, वर वाटी पालथी घातली आणि बरणी देवघराच्या बाजूच्या उबेला ठेवली. तिसऱ्या दिवशी बुडबुडे आले. "विरजण आहे ते," आई म्हणाल्या, "त्याला एवढं पुरतं."

त्यानंतर त्या दोघींचं जमलं. पहिला बरा पाव झाला तो बिडाच्या पातेल्यात. झाकण घालून भाजल्यामुळे वाफ आत कोंडते आणि कवच चकचकीत होतं. बरा म्हणजे देखणा. कापायला मात्र विळीच लागली. चौघांनी खाल्ला, "वेगळं आहे" म्हटलं, निम्मा उरला. सकाळपर्यंत तो असा झाला की दाराला अडसर म्हणून लावता आला असता. आईंनी त्यावर पाण्याचा हात मारला, दहा मिनिटं फडक्यात ठेवला, कुस्करला, आणि कढई चढवली.

लेक बशी घेऊन ओट्याशीच उभी राहून खात होती. "आजी," ती म्हणाली, "स्पेनमध्ये अगदी असंच करतात. मिगास म्हणतात. शिळ्या पावाचा चुरा, लसूण, तेल. फक्त हळद नसते." मग तिला एकेक आठवत गेलं. मेक्सिकोत मक्याच्या शिळ्या पोळ्यांचे तुकडे तळून मिरचीच्या रश्शात शिजवतात, त्याला चिलाकिलेस म्हणतात. लेबनॉनकडे शिळ्या पावाचे तुकडे कोशिंबिरीत जातात, ते फत्तूश. इटलीत तोस्काना भागात कालचं भाजीचं सार आणि जुना पाव एकत्र उकळतात, त्याचं नावच 'पुन्हा उकळलेलं'. फ्रान्समध्ये शिळा पाव दूध-अंड्यात बुडवून तळतात, त्याला म्हणतात 'हरवलेला पाव'. इंडोनेशियात कालच्या भाताचा परतलेला भात. हॉटेलात हे सगळं मेनूकार्डावर असतं आणि चांगले चारशे-पाचशे रुपये घेतात.

आई कालथा हातात धरून ऐकत होत्या. परदेश म्हणजे सगळं मोजून पाकिटात येतं आणि संपतं, अशी त्यांची समजूत असावी.

"म्हणजे तिकडेही उरतं?" त्यांनी विचारलं.

"उरतं की."

"आणि टाकत नाहीत?"

"निदान या बायका तरी टाकत नव्हत्या."

आईंनी आणखी एक पळी तिच्या बशीत वाढली. "हरवलेला काय म्हणतात," त्या पुटपुटल्या, "कढईत तर आहे."

गेल्या महिन्यात लेकीला कामासाठी सहा आठवडे बंगळूरला जावं लागलं. जाताना तिनं बरणीची जबाबदारी आजीवर सोपवली. फ्रीजवर कागद लावला: रोज संध्याकाळी, 50 ग्रॅम पीठ, 50 ग्रॅम पाणी. आई ग्रॅमकडे बघत नाहीत, पण वेळ पाळतात. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावला की त्याच हातानं बरणीला पीठ घालतात. शेजारच्या काकूंनी मागितलं म्हणून एका वाटीतून त्यांनाही दिलं. वाटी रिकामी परत आली नाही, तिच्यातून साखरांबा आला. काकूंचं पीठ चांगलं फुगलंय म्हणतात, पण त्यांना पाव करायचा नाही, त्यांना धिरडीच हवी आहेत.

परवा संध्याकाळी आईंनी मला फोन लावून द्यायला सांगितला. मला वाटलं बरणीला काही झालं. फोन कानाशी धरून त्या जरा दबक्या आवाजात म्हणाल्या, "अगं, आज संकष्टी आहे."

"बरं मग?" पलीकडून लेक.

"ते रोज गव्हाचं खातं. आज त्याला काय घालू? राजगिऱ्याचं पीठ आहे घरात."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग लेक म्हणाली, "आजी, नऊ वाजून गेले की चंद्रोदय होईल. तेव्हा घाल गव्हाचं."

आई फोन ठेवून, बरणीवर फडकं टाकून, गॅलरीत खुर्ची घेऊन बसल्या.